आपटाळ्यात ‘आळे’ का सापडत नाही?

जुन्नर आणि आंबेगाव या शेजारच्या तालुक्यांत मिळून वडगाव नावाची पाच गावे तरी आहेत. जुन्नरमध्ये वडगाव आनंद, वडगाव कांदळी आणि वडगाव सहाणी, तर आंबेगावात वडगाव काशिंबेग आणि वडगाव पीर. माणसांचा यात गोंधळ होत नाही. आळेफाट्यावरचा माणूस नुसते ‘वडगावला जाऊन येतो’ म्हणाला, तरी तो वडगाव आनंदला निघालाय हे घरच्यांना वेगळे सांगावे लागत नाही. पण हीच गावे पतसंस्थेच्या खातेदारांच्या यादीत, दूध संकलन केंद्राच्या नोंदींत किंवा बाजार समितीच्या आवकेच्या तक्त्यात जातात, तेव्हा ती शोधून काढायचे काम एका छोट्याशा फंक्शनवर येऊन पडते. पायथनमध्ये त्याला ‘फाइंड’ म्हणतात, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये ‘इंडेक्सऑफ’, सी भाषेत ‘स्ट्रस्ट्र’, पीएचपीत ‘स्ट्रपॉस’, एक्सेलमध्ये ‘फाइंड’ किंवा ‘सर्च’. नावे वेगळी असली तरी काम एकच: हा एवढा मजकूर आहे, त्यात हा तुकडा कुठे आहे ते सांग.

हे फंक्शन भाषेबरोबर आयते मिळते, एका ओळीत वापरता येते आणि पहिल्या आठवड्यातच शिकवले जाते. त्यामुळे त्यात शिकण्यासारखे फारसे काही उरलेले नाही, असा समज होतो. इंग्रजी मजकुरापुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. मराठी मजकूर समोर आला की मात्र हे फंक्शन नेमके काय करते, हे मुळापासून समजून घ्यावे लागते. जुन्नर-आंबेगावच्या गावांची यादी त्यासाठी फार चांगली आहे. मराठी शोधात जे जे म्हणून अडते, ते सगळे या यादीत सापडते.

सुरुवात जुन्नरपासूनच करू. आपल्याला या नावात तीन अक्षरे दिसतात: जु, न्न, र. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे सहा खुणा आहेत आणि प्रत्येक खुणेला युनिकोडने एक क्रमांक दिलेला आहे. ज म्हणजे २३३२, उकार २३६९, न २३४४, हलन्ताची खूण २३८१, पुन्हा न २३४४ आणि शेवटी र २३५२. पायथनला या नावाची लांबी विचारली की उत्तर येते ६. फाइंडला दिसतात ते हे सहा आकडे, बाकी काही नाही. उच्चार, अक्षर, शब्द, गाव यांतले त्याला काहीच ठाऊक नसते. आकड्यांच्या एका लांब रांगेत आकड्यांची छोटी रांग जशीच्या तशी लागोपाठ येते का, एवढेच ते पाहते.

एवढे ध्यानात आले की पुढची कोडी सुटू लागतात. जुन्नर तालुक्यातच आपटाळे नावाचे गाव आहे. कानाला या नावात ‘आळे’ स्पष्ट ऐकू येते. पण आपटाळेमध्ये ‘आळे’ शोधा, तर फाइंड सांगते की नाही. कारण आळे या गावाच्या नावातला आ हा स्वतंत्र स्वर आहे, त्याचा क्रमांक २३१०. आपटाळेमध्ये ट ला लागला आहे तो काना, त्याचा क्रमांक २३६६. कानाला एक, क्रमांकाला दोन. हेच ‘आळे’ आळेफाटा आणि पारगाव तर्फे आळे या नावांत मात्र बिनचूक सापडते.

उलट प्रकारही होतो. जून महिन्यातल्या नोंदी काढायच्या आहेत आणि कोणी घाईत ऱ्हस्व उकार देऊन ‘जुन’ टाइप केले. तालुक्याचे नाव असलेली प्रत्येक ओळ समोर येऊन उभी राहील, कारण ज, उकार आणि न या तीन खुणा ‘जुन्नर’च्या आरंभीच लागोपाठ आहेत. तिथला न अर्धा आहे हे आपल्याला दिसते. कॉम्प्युटरकडे अर्धा न असा नसतोच. पूर्ण न आणि त्याच्यामागे हलन्ताची खूण, अशीच त्याची साठवण असते.

आता फाइंड उत्तर कसे देते ते पाहू, कारण नवशिक्यांची पहिली ठेच इथेच लागते. तुकडा सापडला तर तो कितव्या जागेपासून सुरू होतो तो क्रमांक मिळतो. मोजणी शून्यापासून असते. सापडला नाही तर पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट उणे एक देतात. ‘वडगाव पीर’मध्ये ‘वडगाव’ शोधले की उत्तर शून्य, म्हणजे अगदी आरंभीच सापडले. पण ‘जर फाइंडचे उत्तर खरे असेल तर’ अशी अट घातली की घोटाळा होतो. पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये शून्य म्हणजे खोटे आणि शून्याखेरीज कुठलाही आकडा, उणे एकसुद्धा, म्हणजे खरे. परिणाम असा, की पाचही वडगावे यादीतून गळतात आणि ज्यांच्या नावात वडगाव औषधालाही नाही अशी मंचर, ओतूर, घोडेगाव सगळी आत येतात. प्रोग्रॅम कुठेही अडखळत नाही, चूक झाल्याचा इशारा देत नाही, म्हणून हा दोष वाईट. फक्त आहे की नाही एवढेच हवे असेल तर पायथनमध्ये ‘इन’ वापरावे, जावास्क्रिप्टमध्ये २०१५पासून आलेले ‘इन्क्लूड्स’ वापरावे. पीएचपीत याच चुकीने इतक्या जणांना छळले, की २०२०च्या आठव्या आवृत्तीत त्यासाठी ‘स्ट्र-कंटेन्स’ हे वेगळे फंक्शन द्यावे लागले. जागेचा क्रमांक खरोखर हवा असेल तेव्हाच फाइंड, आणि तेव्हा उणे एकशी तुलना स्पष्ट शब्दांत लिहिलेली असावी.

नारायणगावजवळ हिवरे तर्फे नारायणगाव नावाचे गाव आहे. या नावात ‘नारायणगाव’ कितव्या जागी येते? डोळ्यांनी मोजले तर आधी हि, व, रे, मोकळी जागा, त, र्फे, मोकळी जागा अशी सात ठिकाणे जातात. पायथन आणि जावास्क्रिप्ट सांगतात १२, कारण तिथपर्यंत बारा खुणा झालेल्या असतात. एक्सेल एकपासून मोजतो म्हणून तो १३ म्हणतो. पीएचपीतला साधा स्ट्रपॉस, तसेच गो आणि रस्ट या भाषा चक्क ३२ सांगतात. त्या बाइट मोजतात आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, मोकळी जागा एक. चारही उत्तरे आपापल्या मोजमापात बरोबर आहेत. घोळ होतो तो एका मोजमापातला आकडा दुसऱ्यात वापरल्यावर. बाइटचा हिशेब न ठेवता मजकूर कापला की एखाद्या खुणेचे तुकडे पडतात आणि नावाच्या शेवटी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. पीएचपीत मराठीसाठी ‘एमबी’ने सुरू होणारी फंक्शनेच वापरावीत.

हेच नाव घेऊन आतली कारागिरी पाहता येईल. ‘हिवरे तर्फे नारायणगाव’ हे एकवीस खुणांचे, ‘नारायणगाव’ नऊ खुणांचे. शोधायची साधी रीत अशी: पहिल्या जागेपासून न आहे का पाहायचे, नसेल तर एक घर पुढे सरकायचे, पुन्हा पाहायचे. बारा वेळा न सापडत नाही, तेराव्या वेळी सापडतो आणि मग नऊच्या नऊ खुणा जुळवायच्या. एकूण एकवीस तुलना.

१९७७ साली रॉबर्ट बॉयर आणि जे स्ट्रॉथर मूर या दोघांनी वेगळी रीत प्रसिद्ध केली. ती उलटी चालते. शोधायच्या तुकड्याची शेवटची खूण आधी तपासायची. थोडी सोपी करून ती आपल्या गावावर चालवू. ‘नारायणगाव’ मजकुराच्या आरंभाला लावून धरले की त्याचा शेवटचा व येतो नवव्या खुणेसमोर. तिथे आहे तर्फेमधली हलन्ताची खूण. ‘नारायणगाव’मध्ये हलन्त कुठेच नाही. म्हणजे या खुणेवर पडणारी कोणतीही जुळणी शक्यच नाही. मग एकेक घर कशाला सरकायचे? सरळ नऊ घरे उडी मारायची. आता शेवटचा व येतो ण समोर. जुळले नाही, पण ण ‘नारायणगाव’मध्ये आहे, शेवटून तीन घरे अलीकडे. म्हणून तीन घरे सरकायचे. आता व समोर व आला आणि मागे मागे जात नऊही खुणा जुळल्या. एक, एक आणि नऊ, अशा अकरा तुलनांत काम झाले. बाकीच्या खुणांकडे पाहावेही लागले नाही. शोधायचा तुकडा जितका लांब, तितक्या उड्या लांब. जास्त मोठे नाव कमी वेळात सापडते, हे पहिल्यांदा वाचताना खरे वाटत नाही, पण कागदावर चौकटी आखून करून पाहावे.

त्याच १९७७ साली डोनाल्ड कनूथ, जेम्स मॉरिस आणि व्हॉन प्रॅट यांची दुसरी रीत प्रसिद्ध झाली. मजकुरात एकदा पुढे गेल्यावर परत मागे यायचेच नाही, हे तिचे वैशिष्ट्य. मॉरिसने ती आधी एका टेक्स्ट एडिटरसाठी लिहिली होती. ती इतर प्रोग्रॅमरांना समजेना आणि काही महिन्यांनी पाहिले तर त्यांच्या अनावश्यक ‘दुरुस्त्यां’नी तिचा पार विचका झालेला, अशी हकिगत त्यांच्या शोधनिबंधातच आहे. आज पायथनचे फाइंड बॉयर-मूर घराण्यातलीच, आर. नायजेल हॉर्स्पूल यांनी १९८०मध्ये सोपी केलेली रीत आपल्या पद्धतीने वापरते आणि ३.१० आवृत्तीपासून फार लांब मजकुरासाठी क्रोशमोर आणि पेरँ यांची रीत. आपण एक शब्द लिहितो आणि त्यामागे एवढ्या लोकांची बुद्धी राबते. म्हणून वेगासाठी स्वतःचे लूप लिहीत बसू नये. आयते मिळते ते आपण लिहू त्याहून बहुतेक वेळा चांगलेच असते.

वेग हा प्रश्न मिटला आहे असे मी धरून चालतो. मिटलेला नाही तो मराठीचा प्रश्न, आणि तो फंक्शनमध्ये नसून आपण त्याच्या हाती देतो त्या मजकुरात आहे.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. या दोन तालुक्यांतल्या कुठल्याही सरकारी किंवा सहकारी कागदात तो असतोच. त्यातला ‘ऱ्य’ किमान तीन प्रकारे साठवलेला आढळतो. एक, ऱ ही स्वतंत्र खूण, क्रमांक २३५३, आणि पुढे हलन्त. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता. तीन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारी एक जोडखूण, क्रमांक ८२०५. पडद्यावर तिन्ही सारखेच. पण एका प्रकाराने टाइप केलेला शब्द दुसऱ्या प्रकाराच्या मजकुरात शोधला तर उत्तर उणे एक. पहिले दोन प्रकार एक करायची सोय युनिकोडनेच करून ठेवली आहे. पायथनमधले ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूल किंवा जावास्क्रिप्टमधले ‘नॉर्मलाइज’ हे फंक्शन ‘एनएफसी’ म्हणून चालवले की दोन्हींचे एकच रूप होते. तिसरा प्रकार त्याने बदलत नाही, तो आपणच बदलावा लागतो. र, हलन्त, जोडखूण अशी तिकडी दिसली की तिथे ऱ आणि हलन्त घालायचे.

इथे एक घाई हमखास होते. न दिसणाऱ्या खुणा नकोतच म्हणून सगळ्या जोडखुणा पुसून टाकल्या जातात. तसे केले की मागे उरतो नुसता र आणि हलन्त, आणि त्याचा होतो रफार. सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ क्षणात ‘दर्या’ होतात, डोंगरातला मजकूर समुद्रावर जातो. म्हणून आधी बदलायचे, मग पुसायचे. हा क्रम उलटा करू नये.

‘ॲ’ची गोष्टही अशीच. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ साली. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते आणि आजही पुष्कळ जण तसेच लिहितात. एनएफसी या दोघांना एक मानत नाही, त्यामुळे हाही बदल हाताने करावा लागतो. पीडीएफमधून कॉपी केलेल्या यादीत आणखी निराळी गंमत. ऱ्हस्व वेलांटी छापताना अक्षराच्या आधी येते, साठवताना मात्र नंतर असते. कित्येक पीडीएफमधून मजकूर काढला की वेलांटी छापील क्रमानेच बाहेर पडते आणि ‘हिवरे’ची वेलांटी ह च्या आधी जाऊन बसते. मग कितीही शोधा, हिवरे मिळायचे नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोडआधीच्या पद्धतीने टाइप केलेल्या याद्या तर देवनागरी नसतातच. पडद्यावर मराठी आकार दिसतात, आत रोमन अक्षरांचे क्रमांक असतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय शोधाचा विचारही करू नये.

आकड्यांचे थोडक्यात सांगतो. गट नंबर कोणी १२३ असा देवनागरीत लिहितो, कोणी इंग्रजी आकड्यांत. फाइंडला या दोन वेगळ्या रांगा आहेत. पायथन संख्येत रूपांतर करताना दोन्ही लिप्या वाचतो, जावास्क्रिप्ट देवनागरी आकडे संख्या म्हणून मान्यच करत नाही. जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिका हिच्या शिलालेखातले अंक भारतात कोरलेल्या सर्वांत जुन्या अंकांत गणले जातात. त्याच तालुक्यातल्या गट नंबरांसाठी आकड्यांची एक लिपी ठरवून घेणे अवघड नाही. शोधाच्या रकान्यात सगळे एका लिपीत आणावेत आणि पुढे जावे.

मजकूर असा स्वच्छ झाला तरी मराठी व्याकरण शिल्लक राहतेच. ओतूर आणि आळेफाट्याच्या कांदा बाजाराच्या नोंदी चाळायच्या आहेत असे समजा. ‘कांदा’ शोधले तर कांदा आणि कांदाचाळ सापडते. ‘कांदे’ सापडत नाही, ‘कांद्याची आवक’ सापडत नाही, ‘कांद्याला भाव’ सापडत नाही. विभक्ती लागताना शब्दाचे सामान्यरूप होते आणि काना जाऊन तिथे हलन्त आणि या येतो. ‘तालुका’ शोधणाऱ्याला ‘तालुक्यात’ मिळत नाही तेही याचमुळे. आपल्या शब्दांचे मूळच असे बदलते, इंग्रजीत हा त्रास इतका नाही. म्हणून अनुभवी माणूस शेवटची खूण सोडून ‘कांद’ एवढेच शोधतो. कांदा, कांदे, कांद्याला सगळे हाती लागते. पण जुन्नर तालुक्यात त्याबरोबर कांदळीही हाती लागते, आणि वडगाव कांदळीही. कांद्याच्या आवकेत दोन गावे मिसळली.

इथे साध्या फाइंडची हद्द संपते आणि रेग्युलर एक्स्प्रेशनची सुरू होते. त्याचे गणित स्टीव्हन क्लीनी यांनी १९५०च्या दशकात मांडले आणि १९६८मध्ये केन थॉम्पसन यांनी ते मजकूर शोधायच्या कामाला जुंपले. यात नेमका तुकडा न देता तुकड्याचा साचा देता येतो. आपला साचा असा: आधी ‘कांद’, त्यानंतर काना, मात्रा किंवा हलन्त यांपैकी कोणतीही एक खूण. चौकटी कंसात या तीन खुणा लिहिल्या की झाले. कांदळीत द नंतर ळ येतो, म्हणून ती आपोआप बाहेर. कांदा, कांदे, कांद्याला, कांदाचाळ सगळे आत. एकेका मात्रेला स्वतंत्र क्रमांक असण्याचा हा फायदा आहे. ज्या गुणाने आपटाळ्यात अडवले त्याच गुणाने इथे काम सोपे केले.

मात्र रेग्युलर एक्स्प्रेशनमधली एक सोय मराठीत हमखास दगा देते. ‘पूर्ण शब्दच शोध’ असे सांगण्यासाठी शब्दाच्या दोन्ही टोकांना ‘बी’ची खूण लावायची असते. पायथनचे बिल्ट-इन ‘री’ मॉड्यूल काना, मात्रा, उकार, हलन्त यांना शब्दाचा भाग मानतच नाही. त्याला ‘जुन्नर’चे शब्द पाडायला सांगितले तर ते ज, न आणि नर असे तीन शब्द देते. ‘जुन’ हा पूर्ण शब्द शोध म्हटले तरी जुन्नर सापडतेच, कारण न नंतरच्या हलन्तापाशी त्याच्या मते शब्द संपलेला असतो. जावास्क्रिप्टची तऱ्हा उलटी. तिथे शब्दाच्या सीमेचा हिशेब फक्त रोमन अक्षरांवर चालतो, म्हणून देवनागरी शब्दाभोवती ती खूण लावली की काहीच सापडत नाही. एक भाषा नको ते देते, दुसरी हवे तेही देत नाही. पायथनसाठी ‘रेजेक्स’ नावाचे वेगळे मॉड्यूल मोफत मिळते, ते मात्रांना शब्दात धरते. ते नको असेल तर मोकळ्या जागा आणि विरामचिन्हांवर मजकूर तोडून प्रत्येक शब्दाची सरळ बरोबरी तपासावी. गावांच्या यादीला बहुतेक वेळा तेवढे पुरते.

बरोबरी तपासण्याचे महत्त्व आंबेगावात जास्त. तिथे अवसरी बुद्रुक आहे, आणि पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक हे वेगळे गावही आहे. ‘अवसरी बुद्रुक’ फाइंडने शोधले की दोन्ही गावे येतात, नारायणगाव शोधले की हिवरेही येते. एका गावाचे नाव दुसऱ्याच्या नावात वसलेले आहे. अशा ठिकाणी नाव आत आहे का हे विचारू नये, नाव तंतोतंत तेच आहे का हे विचारावे. फार तर ‘स्टार्ट्सविथ’ने आरंभ तपासावा.

आणि शेवटी सर्वांत नाजूक जागा. लोक ओतूर लिहितात तसे ओतुरही लिहितात, राजुरी लिहितात तसे राजूरीही. हे पकडण्यासाठी अंदाजे शोध वापरतात. एका नावाचे दुसरे करायला किती खुणा बदलाव्या लागतात ते अंतर मोजायचे. ही कल्पना व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५मध्ये मांडली. ओतूर आणि ओतुर यांच्यात अंतर एक. तेव्हा अंतर एक असेल तर गाव तेच समजा, असा नियम कोणीही चटकन करील. आता अवसरी खु. आणि अवसरी बु. यांतले अंतर मोजा. ख च्या जागी ब आला, बाकी सगळे तेच. अंतर एक. पहिल्या जोडीत गाव एकच आहे आणि लिहिणाऱ्याने उकार बदलला आहे, दुसऱ्या जोडीत दोन वेगळी गावे आहेत, वेगळ्या ग्रामपंचायती आहेत. हिवरे खुर्द आणि हिवरे बुद्रुक, बोरी खुर्द आणि बोरी बुद्रुक, जुन्नरमध्येही हीच तऱ्हा. अंतर मोजणाऱ्या फंक्शनला हा फरक कधीच कळणार नाही, तो आपणच सांगावा लागतो. अंदाजे शोध लावण्याआधी बु., बु॥ आणि खु. ही संक्षिप्त रूपे उलगडून बुद्रुक आणि खुर्द अशी पूर्ण करावीत, ती वेगळ्या रकान्यात ठेवावीत, त्या रकान्यात बरोबरीच तपासावी आणि अंदाज फक्त मूळ नावापुरता चालवावा.

ही सारी सफाई मूळ नोंदीवर कधीही करू नये. लोकांनी लिहिले ते तसेच राहू द्यावे आणि शेजारी शोधासाठी दुसरा रकाना करावा. त्यात आधी एनएफसी, मग ऱ आणि ॲ, मग उरलेल्या अदृश्य खुणा, मग आकडे, जादा मोकळ्या जागा आणि संक्षेप, या क्रमाने मजकूर घडवावा. वापरणारा माणूस जो शब्द शोधायला टाकील तोही याच सफाईतून काढावा. दोन्हीकडे एकच सफाई झाली, की साधे फाइंड मराठीतही भरवशाने चालते.

अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या कॉलेजांतही मुले आता प्रोग्रॅमिंग शिकतात. त्यांच्या शिक्षकांना एक विनंती आहे. स्ट्रिंगच्या पहिल्या प्रॅक्टिकलला इंग्रजी वाक्याबरोबर आपल्या तालुक्याची गावे द्या. आपटाळेमध्ये आळे शोधायला लावा, जुन्नरमध्ये जुन शोधायला लावा, कांद्यातून कांदळी वेगळी काढायला लावा. उद्या हीच मुले पतसंस्थेचा, दूध संघाचा, ग्रामपंचायतीचा प्रोग्रॅम लिहितील. तो कार्यालयाच्या हवाली करण्याआधी अवसरी खुर्दच्या शेतकऱ्याचे अनुदान अवसरी बुद्रुकच्या यादीत गेलेले नाही, एवढे त्यांनी स्वतः तपासून पाहावे.